हिंमत शिकवता येते काय?

आमच्या शाळेत तीन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील कोरडवाहू शेती करीत. कापूस आणि सोयाबीन. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला, गंज्या काळ्या पडल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गृहस्थांनी स्वतःचे जीवन संपविले. मुलगा जवळजवळ तीन आठवड्यांनी शाळेत आला. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, "सर, लोगां बोलते, अब्बा हिंमत हार गये. हिंमत क्या होती सर? मेरे में है क्या?"

इतिहास आणि मराठी हे विषय मी शिकवितो. पानिपतात कोण हरले आणि का हरले, हे मी मुलांना विनासायास सांगू शकतो. त्या दिवशी मात्र मला शब्द सापडला नाही. "आहे, आहे, का नसेल?" असे काहीतरी बोलून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटलो. सुटलो हाच शब्द खरा आहे. तो प्रश्न मात्र माझ्यामागे लागला तो लागलाच. या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी सुचविले, तेव्हा त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचनात आले तेच पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे मी ठरविले.

आपण सर्वसाधारणपणे असे समजतो की काही माणसे मुळातच घट्ट असतात आणि काही मऊ. ज्याला अल्लाने जशी छाती दिली तशी. मी स्वतःही असेच समजत होतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. संकटात तग धरणे ही शिकण्याची आणि शिकविण्याची गोष्ट आहे, असे मानणाऱ्या माणसांची एक लांब परंपरा आहे. आणि तिच्यातला अलीकडचा एक महत्त्वाचा माणूस आपला मराठी आहे, ही गोष्ट निदान मला ठाऊक नव्हती.

त्यांचे नाव प्रा. कि. मो. फडके. त्यांचे 'आधुनिक संजीवनी' हे पुस्तक माझ्या हाती तालुक्याच्या वाचनालयात आले. त्या वेळी माझी स्वतःची स्थितीही सांगण्यासारखी नव्हती. बी.ए., बी.एड. होऊन वर्षे लोटली होती, आणि मी तासिका तत्त्वावर या शाळेतून त्या शाळेत फिरत होतो. घरी कोणी पाहुणे आले की मी मागच्या दाराने बाहेर पडत असे, "काय, पर्मनंट झालास का?" हा प्रश्न ऐकण्याची ताकद नव्हती. पुस्तक उघडले ते झोप येत नव्हती म्हणून. पण ते राहू द्या. आधी फडके यांची हकीकत.

१९६८ साली फडके यांनी न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांना पत्र लिहिले. एलिस यांचे नाव त्या वेळी अमेरिकेत गाजू लागले होते; त्यांनी मानसोपचाराची एक नवी पद्धत काढली होती, जिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार असे म्हणतात. त्या पत्राला उत्तर आले. उत्तराला पुन्हा पत्र गेले. हा पत्रव्यवहार चालला छत्तीस वर्षे. आज एका मिनिटात निरोप पोचतो आणि दुसऱ्या मिनिटास विसरला जातो. त्या काळी मुंबईहून न्यूयॉर्कला पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत आठवडेच्या आठवडे लागत. एवढ्या अवकाशात माणूस आपला प्रश्न स्वतःशीच दहा वेळा तपासून पाहत असेल. फडके यांनी नुसती स्तुती लिहिली नाही. शंका काढल्या, त्रुटी दाखविल्या. आणि एलिस यांनी त्या ऐकून घेतल्या. गुरू-शिष्याचे हे नाते टपालावर वाढले. पुढे एलिस यांच्या संस्थेने फडके यांना फेलो आणि प्रशिक्षक-पर्यवेक्षक म्हणून मान्यता दिली.

एलिस हे कोण, हे समजल्यावाचून फडके काय शिकले ते समजणार नाही. एलिस यांचा जन्म १९१३ सालचा, पिट्सबर्ग शहरातला; वाढले न्यूयॉर्कमध्ये. वडील व्यापारानिमित्त सदा बाहेर, आईचे लक्ष आपल्याच व्यापात. घरात तीन मुले, त्यांतला हा थोरला. या मुलाने स्वतःच्या पैशांनी गजराचे घड्याळ विकत घेतले होते, आणि सकाळी उठून धाकट्या भावाला आणि बहिणीला उठविणे, कपडे घालून शाळेसाठी तयार करणे, हे तो करीत असे. पाच ते सात वर्षांच्या वयात मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी त्याला सुमारे आठ वेळा इस्पितळात राहावे लागले. एक मुक्काम तर जवळजवळ वर्षभराचा होता. आईवडील भेटीस क्वचितच येत. शेजारच्या खाटेवरील मुलांचे आईबाप फळे आणि खेळणी घेऊन येत असतील आणि हा पाहत असेल. इस्पितळातल्या त्या एकट्या मुलाने तेथेच स्वतःला सावरण्याचा अभ्यास सुरू केला, असे म्हटले तर चूक होणार नाही. पुढे आर्थिक महामंदीत या तिन्ही भावंडांना कामाला लागावे लागले.

शिक्षण होऊन १९४७ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. प्रथम ते त्या काळच्या रूढ मार्गाने, म्हणजे फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाने उपचार करीत. रुग्णाने कोचावर पडावे, बालपणीच्या आठवणी सांगाव्या, आणि डॉक्टरने ऐकावे, वर्षानुवर्षे. एलिस यांच्या ध्यानात आले की रुग्णाला आपल्या दुःखाचे मूळ कळते, पण दुःख जात नाही. १९५५ साली त्यांनी ती वाट सोडून आपली नवी पद्धत उभी केली. जाणकारांनी तिला हसण्यावारी नेले. पण १९८२ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची पाहणी झाली तेव्हा सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून कार्ल रॉजर्स यांच्या खालोखाल एलिस यांचे नाव आले, आणि फ्रॉइड त्यांच्या मागे होता.

या पद्धतीचे सूत्र सोपे आहे, म्हणूनच ते शाळेत शिकविता येते. घटना घडते. तिच्याविषयी आपण मनात काही मत बनवितो. त्या मतातून भावना जन्मते. आपण मधली पायरी गाळतो आणि म्हणतो, घटनेनेच मला दुःखी केले. दोन मुले गणितात नापास होतात. एक म्हणतो, "फार वाईट झाले, मार्चपर्यंत मेहनत केली असती तर बरे झाले असते, आता जुलैच्या परीक्षेस बसतो." दुसरा म्हणतो, "मी पास व्हायलाच पाहिजे होतो. झालो नाही, म्हणजे मी कुचकामी आहे. आता कोणाला तोंड दाखविणार?" गुणपत्रिका दोघांची सारखीच. पहिल्याला दुःख आहे, दुसऱ्याला दुःखाखेरीज आणखी काही आहे, आणि ते आणखी काही त्याने स्वतः घातलेले आहे.

एलिस यांनी इंग्रजीत जे हेकट शब्द हुडकले, त्यांच्यासाठी आपल्या मराठीत एक अक्षर पुरे आहे: च. मला पहिला नंबर मिळालाच पाहिजे. लोकांनी माझ्याशी चांगलेच वागले पाहिजे. माझ्या वाट्याला त्रास येताच कामा नये. या तीन 'च'मध्ये माणसाच्या बहुतेक मनस्तापाचे मूळ आहे, असे एलिस यांचे म्हणणे. गंमत अशी की आपल्या घरी बोलल्या जाणाऱ्या दखनी बोलीतही हा 'च' मराठीतून येऊन बसला आहे. होनाइच. जानाइच. मेरेकूच क्यों हुआ? उत्तरेकडील उर्दू भाषिक आपल्या या 'इच'ला हसतात. त्यांनी हसावे, पण आपण तो दिवसातून किती वेळा उच्चारतो आणि कोणत्या गोष्टीस लावतो, हे एकदा मोजून पाहावे. पालकांनी तर अवश्य मोजावे. "माझा मुलगा डॉक्टर झालाच पाहिजे" हे वाक्य 'नीट' परीक्षेच्या हंगामात मी इतक्या घरी ऐकतो की तो 'च' मुलाच्या छातीवर दगडासारखा ठेवलेला मला दिसू लागतो.

'च' काढला म्हणजे इच्छा काढली असे नव्हे. नव्वद टक्के मिळावेत, डॉक्टर व्हावे, पीक यावे, ही इच्छा राहतेच, आणि तिच्यासाठी कष्टही राहतात. जाते ती फक्त जिवावर बेतणारी अट.

येथे फडके यांचे स्वतःचे काम येते. चुकीच्या मताशी वाद घालून ते खोडून काढावे, एवढे एलिस यांनी सांगितले होते. पण वाद घालायचा कसा? १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात फडके यांनी त्या वादाच्या तीन पायऱ्या पाडल्या. आधी ते मत हुडकायचे, कारण ते लपून बसलेले असते. मग त्यातले खरे आणि खोटे निवडून वेगळे करायचे, जसे सुपात घेऊन खडे निवडतात. आणि मगच त्या खोट्याशी वाद घालायचा. साधी गोष्ट वाटते, परंतु जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती त्यांच्या नावानिशी नोंदली गेली. मला शिक्षक म्हणून यातली दुसरी पायरी सर्वांत मोलाची वाटते. मुलगा म्हणतो, "सर, मी नापास." आपण घाईने म्हणतो, "काही होत नाही रे." हे खोटे आहे, आणि मुलाला ते कळते. काहीतरी निश्चित होते. वर्ष जाते, फी जाते, सोबती पुढे जातात. हे खरे आहे, ते बाजूला काढून ठेवावे, नाकारू नये. 'मी गणितात नापास झालो' हे खरे. 'मी नापास माणूस आहे' हे खोटे. माणसाला गुणपत्रिका नसते.

माझ्या मागच्या दाराची गोष्ट मी वर सांगितली. हे पुस्तक वाचून मला कायम नोकरी मिळाली नाही; ती पुढे पुष्कळ उशिरा मिळाली, आणि त्यास पुस्तक कारण नव्हते. पण मी पुढच्या दारी बसू लागलो. कोणी विचारले तर "नाही झालो अजून" असे सांगत असे, आणि पाहुणे चहा पिऊन जात. इतकेच झाले. ते मला त्या वेळी फार वाटले होते.

फडके यांनी मराठीत पुस्तके लिहिली, प्रशिक्षणवर्ग घेतले, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या माणसांनी ही पद्धत महाराष्ट्रात पसरविली. डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहून एलिस यांचे चरित्र मराठी वाचकांच्या घरी आणले. फडके आणि जोशी या दोघांनी मिळून लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. एलिस मात्र त्याआधीच, २००७ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी वारले. अखेरच्या काळात त्यांच्याच नावाच्या संस्थेतून त्यांना बाजूस सारले गेले होते, आणि जानेवारी २००६ मध्ये न्यायालयाने त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेण्याचा निर्णय दिला. दुसऱ्यांना आयुष्यभर जे शिकविले ते म्हातारपणी स्वतःवर लावण्याची पाळी आली, असे म्हणायचे. एलिस नास्तिक होते आणि बोलण्यात शिवराळही होते. आपल्या वाचकांपैकी काहींना हे खटकेल. मला खटकले. पण औषधाच्या बाटलीवर ते बनविणाऱ्याचा धर्म आपण पाहत नाही.

शिवाय हे औषध तितके परके नाही. एलिस स्वतः सांगत की माझा विचार नवा नव्हे, तो एपिक्टेटस या प्राचीन तत्त्ववेत्त्याकडून मी घेतला. हा एपिक्टेटस पहिल्या शतकातला. आजच्या तुर्कस्तानात जन्मलेला, रोममध्ये गुलाम म्हणून राहिलेला, पायाने लंगडा. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याने शाळा काढली आणि शिकविले की माणसाला अस्वस्थ करतात ती घटनांविषयीची त्याची मते. ज्याच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते, त्याने मनाच्या मालकीचा विचार केला, यात नवल नाही.

आता एपिक्टेटस आणि एलिस यांच्यामध्ये अठराशे वर्षांचे अंतर. हा विचार मधल्या काळात कोठे होता? युरोपातील पुस्तके बहुधा रोमहून सरळ आपल्या काळात उडी मारतात. ती उडी बगदादवरून जाते. नवव्या शतकात तेथे अल-किंदी नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने दुःख घालविण्याचे उपाय सांगणारा एक छोटा प्रबंध अरबीत लिहिला. त्यात एका जहाजाचा दृष्टांत आहे. जहाज किनाऱ्यास लागते, उतारू थोडा वेळ खाली उतरतात. काही फुले, शिंपले आणि रंगीत दगड गोळा करण्यात इतके गुंगतात की त्यांना जहाजात जागा राहत नाही, आणि जे ओझे त्यांनी आणले तेच त्यांना जाचू लागते. जहाजाचा हा दाखला मुळात एपिक्टेटसचा. अल-किंदीने तो फुलविला.

अल-किंदीचा एक शिष्य होता, अबू झैद अल-बल्खी. जन्म सुमारे ८५०, मृत्यू ९३४. गाव आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख शहराजवळचे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव नकाशांमुळे ठाऊक असते. त्याचे वडील मुलांना शिकवीत असत, असे चरित्रकार सांगतात, म्हणजे आमच्याच धंद्यातले. अल-बल्खीने शरीर आणि मन या दोहोंच्या स्वास्थ्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याची तक्रार अशी की वैद्य शरीराचे औषध सांगतात आणि मन सोडून देतात, वास्तविक दोन्ही एकमेकांस आजारी पाडतात. राग, भीती, दुःख आणि मनात पुन्हा पुन्हा घोळणारा वसवसा, अशा चार प्रकारांत त्याने मनाच्या दुखण्यांचा विचार केला. आणि मला थक्क करणारी त्याची सूचना ही: मन शांत असेल त्या वेळी चांगले, खरे विचार जमवून ठेवावेत, जसे लोक अडीअडचणीसाठी घरात औषधे ठेवतात, कारण संकट आल्यावर ते बनविण्यास वेळ नसतो. एलिसच्या हजार वर्षांपूर्वीचे हे लिखाण. या ग्रंथातील मनाविषयीच्या भागाचे इंग्रजी भाषांतर सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वळले. फडके यांना अथवा एलिस यांना अल-बल्खी ठाऊक होता असे मी म्हणत नाही. एकच विहीर दोघांनी वेगवेगळ्या काठांवरून उपसली.

इथवर आल्यावर मला त्या मुलाच्या वडिलांची आठवण होते, आणि लिहिताना हात अडखळतो. भिजून काळ्या पडलेल्या सोयाबीनच्या गंजीपुढे उभ्या असलेल्या माणसाला जाऊन सांगायचे काय, की बाबा, तुझे दुःख घटनेत नाही, तुझ्या मतात आहे? असे सांगणारा माणूस मूर्ख तरी असेल किंवा सावकार तरी. कर्ज हे मत नव्हे. बुलढाणा जिल्हा विदर्भातील आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा हे इतर पाच. २००६ साली केंद्र सरकारने या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली होती. सिंचन, पतपुरवठा, भाव, विमा हे प्रश्न मनाच्या शिकवणीने सुटणार नाहीत, आणि ज्यांनी ते सोडवायचे त्यांना या लेखाआड लपू देऊ नये. एलिस यांचाही तसा दावा नव्हता. परिस्थिती बदलता येईल तेवढी बदला, असेच ते सांगत. पण बदलण्यासाठी आधी माणूस उभा असला पाहिजे, आणि पिकाबरोबर माझीही किंमत गेली असे मानणारा माणूस उभा राहत नाही, हे त्यांचे म्हणणे.

मग कर्ज तसेच असताना मनाला आधार दिल्याने काही फरक पडतो काय? याची तपासणी आपल्या शेजारीच झाली. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबविला गेला, डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात मांडले. या कार्यक्रमात गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले होते. त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलावे, ऐकून घ्यावे, आणि जास्त आजारी असेल त्यास डॉक्टरांकडे पोचवावे. दीड वर्षाच्या अंतराने दोन पाहण्या झाल्या. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असे सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे हा सारा फरक या कामानेच पडला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण शंभरात शहाण्णव माणसे आधी कोणाजवळ एक शब्दही बोलत नव्हती, हा आकडा मला त्या सुधारणेपेक्षाही अधिक बोलका वाटतो. पुढे २०१५ साली राज्य शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्या चौदा जिल्ह्यांत आपला जिल्हा होता.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक मनोदुःख विचाराने जात नाही. अल-बल्खीनेच दुःखाचे दोन प्रकार केले होते: ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते ते, आणि कारणावाचून येते ते, दुसऱ्याचे मूळ शरीरात असते आणि त्यासाठी शरीरावर इलाज करावा, असे त्याने लिहिले. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी येथे, विशेषतः होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत, मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे आपण दरसाल पाहतो. त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. त्यांच्या श्रद्धेला हसण्याचा मला अधिकार नाही. थकलेली आई आपल्या मुलाला घेऊन कोठेही जाईल. मात्र गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून जो प्रयोग झाला, तो आपल्याकडेही व्हावा असे मनापासून वाटते. तेथे दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले, आणि मुजावरच रुग्णांना त्यांच्याकडे पाठवू लागले. दवाही, दुआही.

आमच्या वर्गात शनिवारच्या शेवटच्या तासाला मी आता एक खेळ घेतो. मुलांनी आठवड्यात ज्या गोष्टीचा त्रास झाला ते एक वाक्य फळ्यावर लिहायचे, नाव न सांगता. मग सगळ्यांनी मिळून त्यात लपलेला 'च' हुडकायचा. फडके यांच्या तीन पायऱ्या मी अशा प्रकारे वापरतो. त्यांना माझी रीत पसंत पडली असती की नाही कोण जाणे. मुली या खेळात मुलांपेक्षा तरबेज आहेत. "मी रडलेच नाही पाहिजे" असे एका मुलाने लिहिले तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "सर, यात दोन चुका आहेत." कोणत्या दोन, हे मी विचारले नाही, कारण वर्गाला कळले होते. ज्यांना वर्गात बोलता येत नाही त्यांच्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. पालकांनीही तो घरात कोठेतरी लिहून ठेवावा.

तो मुलगा आता बारावीला आहे. शाळा आमच्याकडची सुटली, पण रस्त्यात भेटतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दीड वर्षाने दिले, अर्धवटच दिले. म्हणालो, तुझे अब्बा कमजोर नव्हते, आजारी माणूस कमजोर नसतो. त्यांच्याजवळ त्या रात्री कोणी बसले नव्हते, आणि कोणापाशी कसे बोलावे हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. हिंमत शिकता येते असे लोकांनी लिहून ठेवले आहे, त्यांत एक लंगडा गुलाम होता, एका मास्तरचा मुलगा होता, एक आजारी पोर होते, आणि एक पत्रे लिहिणारे आपले मराठी गृहस्थ होते. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वो पत्रवाले की किताब है क्या सर तुमारे पास?" माझ्याजवळची प्रत मी त्याला दिली. त्याला आता वर्ष होत आले, अजून परत आलेली नाही. मागच्या महिन्यात विचारले तेव्हा म्हणाला, सध्या अम्मी ती त्याच्याकडून वाचवून घेते आहे. रोज दोन पाने.